मातृभाषेच्या रकान्यात काय भरायचं?

जनगणना येतेय म्हटल्यावर आमच्या मोबाइलवर मेसेजांचा पाऊस सुरू झाला. 16 जून 2025 ला सरकारी अधिसूचना निघाली, 1 मार्च 2027 ही तारीख ठरली, जात विचारणार, माहिती मोबाइलवरून स्वतः भरता येणार, हे सगळं वर्तमानपत्रांत येऊन गेलं. पण आमच्याकडे आलेले मेसेज बहुतेक एकाच रकान्याबद्दलचे. एकाचं म्हणणं, मातृभाषा विचारली की उर्दूच सांगा, नाहीतर आपल्या शाळा जातील. दुसऱ्याचं म्हणणं, आपण महाराष्ट्राचे, मराठीच सांगा, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा राहणार नाही. पुढे पाठवा, अशी तंबी दोघांचीही. आम्ही एकही पुढे पाठवला नाही. कारण दोन्ही मेसेजांत सगळं होतं, फक्त आई कुठे नव्हती.

जनगणनेच्या व्याख्येत मात्र आई आहे. लहानपणी आई आपल्याशी ज्या भाषेत बोलत होती ती मातृभाषा, असं त्यात सरळ लिहिलंय. आई तान्हेपणीच गेली असेल तर घरात जी भाषा बोलली जायची ती. शाळेची भाषा नाही, मशिदीतल्या बयानाची नाही, रेशनकार्डावरची नाही. सरकारी कागदात इतकं जिव्हाळ्याचं वाक्य आम्ही क्वचितच वाचलंय.

आमची मरहूम अम्मा मिरजेकडची. अल्लाह तिला जन्नत नसीब करो. आमच्याशी ती काय बोलायची? "कित्ता बोली तेरेकू, धूप में नक्को फिर, सुनताच नै तू." ही काय उर्दू झाली? लखनौच्या माणसाला ऐकवली तर तो कान धरील. मराठी तर नाहीच. पण यातला 'नक्को' मराठीचा आणि 'सुनताच'मधला 'च'ही मराठीचाच. ही आपली दखनी. सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा, खाली विजापूर-गुलबर्ग्यापर्यंत घराघरांत बोलली जाणारी. आणि तीच अम्मा म्हशीशी मराठीत बोलायची, कोंबड्यांना मराठीत हुसकायची, शेजारच्या काकूंशी तासन्‌तास मराठीत सुखदुःख करायची. राग अनावर झाला की आम्हाला 'मुडद्या' म्हणायची तेही मराठीतच. आम्हाला ताप आला की कपाळावर हात ठेवून फुंकर घालायची ती अरबी दुआ म्हणून. म्हणजे कुठल्या मुक्कामाला कुठली भाषा न्यायची हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

या दखनीला आपणच 'बिघडलेली उर्दू' म्हणतो, याचा आम्हाला राग येतो. विजापूरच्या सूफींनी सतराव्या शतकात चक्कीनामे आणि चरखानामे रचले ते याच बोलीत. बायांनी जात्यावर दळताना, सूत कातताना म्हणायची ती रचना. अल्लाहचं नाव घराघरांत पोचवायचं तर बाईच्या जात्यापाशी जायला हवं, फारसी तिथे कामाची नाही, हे त्या बुजुर्गांना कळलं होतं. शेजारच्या घरात जात्यावर ओवी चालायची, आपल्या घरात चक्कीनामा. दगड तोच, पहाटही तीच.

पडद्यावर मात्र ही भाषा फक्त हसवायला येते. 'गुमनाम' (1965) मधला मेहमूदचा बटलर आठवा. लुंगी, मिशी आणि हैदराबादी बोली. लोक अजून हसतात, आम्हीही हसलो. मराठी मालिकांत तर तेवढीही सोय नाही. मालिकेतला साताऱ्याचा मुसलमान मुंबईच्या नाक्यावरचं हिंदी बोलतो, दर वाक्यात एक 'अल्ला कसम' टाकतो आणि मधल्या सुट्टीत गायब होतो. आम्ही साताऱ्यात असा एकही माणूस पाहिलेला नाही. तिथला आमचा अत्तार मित्र गिऱ्हाइकाशी अशी मराठी बोलतो की मालिका लिहिणाऱ्याने वही घेऊन बसावं.

हे झालं आमचं. आता आमच्या घरच्यांचं ऐका. आमच्या बेगमसाहेबांचं माहेर मालेगाव. 1857 नंतर उत्तरेकडून जे मोमीन विणकर येऊन तिथे मागावर बसले, त्यांच्यातलं घराणं. त्यांची उर्दू साफ. तीस वर्षं आमचा 'क' आणि 'क़' सुधारण्यात गेली, अजून सुधारला नाही. 2020 च्या लॉकडाऊनमधल्या रमजानात ती तुर्की 'एर्तुग्रुल' मालिका उर्दूत आली, तेव्हा घरातल्या सगळ्यांना त्यांनी समोर बसवून ऐकवली. उच्चार असे असतात म्हणून! सूनबाई रत्नागिरी जिल्ह्यातल्या. त्यांच्या घरी कोकणी मुसलमानांची मराठी. त्यांच्या आईने त्यांना दुसऱ्या कुठल्या भाषेत हाक मारलेली नाही. त्यांचे नातेवाईक दूर केपटाऊनला आहेत, तिथल्या म्हाताऱ्या बायकाही आपापसांत तीच कोकणी बोलतात म्हणे.

म्हणजे व्याख्येप्रमाणे हिशेब मांडला तर आमची मातृभाषा दखनी, बेगमची उर्दू, आमच्या दोन्ही मुलांची त्यांच्या आईमुळे उर्दू, सूनबाईंची कोकणी म्हणजे मराठी, आणि नातू आपल्या आईवर गेला म्हणजे त्याचीही मराठी. एका छपराखाली तीन भाषा. आणि जनगणनेचा नियमही तोच आहे: प्रत्येक माणसाला वेगळं विचारायचं, एकाच घरात वेगवेगळ्या मातृभाषा असू शकतात.

2011 च्या फेब्रुवारीत एक गुरुजी आमच्याकडे आले होते. बिचारे उन्हातून आलेले, मान खाली घालून लिहीत होते. आम्ही नाव सांगितलं, वय सांगितलं. पुढचा रकाना त्यांनी न विचारताच भरला. आम्ही वाकून पाहिलं तर 'उर्दू'. आणि खाली सगळ्यांच्या नावापुढे तेच. आम्ही म्हटलं, "गुरुजी, विचारा तरी." ते म्हणाले, "तुमच्यात तीच असते ना?" हे सगळं संभाषण मराठीत चाललं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. खोडून लिहायला लावलं तेव्हा चहा निवून गेला.

त्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान 1 कोटी 29 लाखांवर होते आणि मातृभाषा उर्दू म्हणून नोंदवलेले सुमारे 75 लाख. मधले पन्नासेक लाख सगळे मराठीचे नव्हेत. त्यात हिंदी सांगणारे आहेत, गुजराती आहेत, इतरही आहेत. पण मुसलमान म्हणजे उर्दू हा जो ठोकताळा गुरुजींच्या आणि मेसेजवाल्यांच्या डोक्यात पक्का बसलाय, तो सरकारच्याच आकड्यांत बसत नाही. शेख महंमद बाबांनी श्रीगोंद्यात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, बार्शीचे शाहीर अमर शेख संयुक्त महाराष्ट्रासाठी डफ घेऊन फिरले, यू. म. पठाण 1990 ला पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ही नावं आपल्या प्रत्येक सभेत घेतली जातात. आदर आहेच, पण बिल्ल्यासारखी छातीवर लावून किती दिवस फिरायचं? मिरजेच्या भाजीबाजारातल्या बागवानाला कुणी दाखला मागू नये, इतकंच आमचं मागणं.

तरी 'उर्दूच सांगा' म्हणणाऱ्याला आम्ही मूर्ख म्हणणार नाही. त्याच्या पोटात भीती आहे आणि ती खोटी नाही. मुलाला प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करा, असं राज्यघटनेचं कलम 350 क सांगतं. ती सोय कुणासाठी मागायची, तर आकडा दाखवावा लागतो. मालेगाव, भिवंडीच्या मुलांची भाषा उर्दू आहे, त्यांनी उर्दू सांगावी, ठणकावून सांगावी. पण त्यांचा आकडा भरून काढायला चिपळूणच्या आईची भाषा पुसायची, हे कसं? आणि कुणी बोट दाखवू नये म्हणून मालेगावच्या बाईने मराठी सांगायची, हेही तसंच. भीतीपोटी सांगितलेली भाषा मग कुणाचीच राहत नाही.

आणखी एक गंमत आहे. 2011 ला लोकांनी सांगितलेली मातृभाषांची नावं मोजली तर ती भरली 19,569. त्यांची छाननी करून खात्याने 1,369 मातृभाषा ठरवल्या, आणि त्या शेवटी 121 भाषांच्या खणांत बसवल्या. म्हणजे आम्ही कितीही ठासून 'दखनी' म्हटलं तरी तिला कुठल्या खणात ठेवायचं हे कुणीतरी टेबलाशी बसलेला माणूस ठरवणार. थोरला म्हणतो, "आब्बा, मग फायदा काय? उर्दूच लिहा ना, शेवटी तिकडेच जाणार." त्याला आम्ही एवढंच म्हटलं, की खण त्यांचा आहे, आई आमची आहे. आम्ही आमचं सांगू, त्यांनी त्यांचं करावं. शिवाय मातृभाषेनंतर येणाऱ्या आणखी दोन भाषा सांगायची सोय त्या फॉर्मात असते. लोक ती घाईत सोडून देतात. आमच्या तिथे मराठी आणि उर्दू, दोन्ही बसतात.

परवा मगरिबनंतर घरात यावरच चर्चा चालली होती. बेगमना नातवापुढे मराठी लिहायची हे पसंत नव्हतं. "मैं दादी हूँ, मैं भी तो बोलती हूँ उससे," त्या म्हणाल्या. सूनबाईंनी आवाज चढवला नाही. "अम्मी, तुम्ही त्याला उर्दूचा क़ायदा शिकवता, मी अडवलंय का? पण रात्री झोपेत तो मलाच हाक मारतो, आणि मी त्याला ज्या बोलीत थोपटते ती माझ्या आईची आहे." बेगम थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ठीक आहे, मराठी लिहा, पण दुसऱ्या भाषांत उर्दू पहिली. सूनबाईंनी मान हलवली. धाकट्याने विचारलं, मग इंग्रजी? तो इंग्रजी शाळेत जातो ना? तिसरी, असं दोघी एकदमच म्हणाल्या.