शब्दविचार : हाताचा चाळा

'चाळा' हा आपल्या मायबोलीतला मोठा बोलका शब्द. बोलता बोलता पदराचे टोक पिळणे, किल्ल्यांचा जुडगा खुळखुळविणे हे सारे हाताचे चाळेच, आणि ते हसण्यावारी नेण्यास काहीच हरकत नसते. परंतु चाळ्याची एक जात अशी आहे की तिला वैद्यकशास्त्रात निराळे नाव द्यावे लागले. ते नाव 'पंडिंग'.

शब्द कानाला पंडिताचा भाऊबंद वाटतो. त्याचे कूळ मात्र स्वीडिश असून अर्थ अगदी उलटा आहे. 'ठोंब्या' अशा अर्थाच्या तिकडील बोलीतल्या शब्दावरून तो निघाला. उत्तेजक द्रव्यांच्या आहारी गेलेली माणसे तासन् तास घड्याळे उकलीत किंवा पिशवीतले जिन्नस काढून पुन्हा लावीत बसत. आपल्या या अवस्थेला त्यांनीच हे नाव दिले होते. रिलँडर या स्वीडिश मनोवैद्याने १९७२ साली ते शास्त्रीय लिखाणात आणले. पुढे १९९४ साली लेव्होडोपा घेणाऱ्या पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, रुग्णातही हाच प्रकार नोंदला गेला आणि हा शब्द व्यसनाधीनांच्या जगातून घरच्या वडीलधाऱ्यांपर्यंत येऊन पोहोचला.

कंपवातात मेंदूतील डोपामीन उणे होते. लेव्होडोपा ती उणीव भरून काढते व जखडलेले हातपाय पुन्हा चालू लागतात. परंतु डोपामीनचा संबंध केवळ हालचालीशी नाही. एखाद्या गोष्टीची मनाला लागणारी ओढही त्याच्याच स्वाधीन असते. म्हणून काही रुग्णांत, विशेषतः औषधाची मात्रा मोठी असता, ही ओढ अनावर होते. चाळ्याला रूप मिळते ते बहुधा पूर्वायुष्यातील उद्योगाचे. कचेरीत आयुष्य काढलेला मनुष्य कागद चाळीत राहतो, शिवणकाम केलेली बाई रात्रभर बटणे निवडीत बसते. जेवण थंड होते, शब्बाथच्या मेजावर सारे खोळंबतात, तरी हात थांबत नाही.

अशा वेळी आपण चटकन 'म्हातारचळ' म्हणून मोकळे होतो. कोणी त्याला 'मंत्रचळ' म्हणतील. परंतु तेही बरोबर नव्हे. मंत्रचळात मनुष्य कसल्यातरी भयाने पुन्हा पुन्हा हात धुतो. येथे भय नसते, उलट त्या कामात एक प्रकारचे समाधान असते. मध्येच कोणी अडविले तर मात्र तो चिडतो. आपण करतो ते निरर्थक आहे हे कित्येकांना कळतही असते, पण हात आवरत नाही. मग रागे भरून काय साधणार?

नाव चुकले की उपायही चुकतो. म्हातारचळ म्हटले की वडिलांची अप्रतिष्ठा होते आणि इलाज राहून जातो. औषधाचा परिणाम म्हटले की वाट सापडते. ही माणसे आपण होऊन डॉक्टरांना सहसा काही सांगत नाहीत. सांगावयाचे ते घरच्यांनीच. कंपवातावर औषध घेणाऱ्या वडीलधाऱ्यांत असे काही आढळल्यास कोणता चाळा, किती तास, रात्रीची झोप होते की नाही, हे टिपून कुपत होलिममधील डॉक्टरांपुढे ठेवावे. ते औषधाची मात्रा कमी करतात अथवा त्यात फेरफार करतात आणि पुष्कळदा चाळा ओसरतो. आपल्या मनाने मात्र औषध कदापि बंद करू नये. एकाएकी थांबविल्यास जिवावर बेतू शकते.

ज्या हातांनी आपल्याला वाढविले, त्यांच्या चाळ्याला योग्य नाव देणे एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो.