हिरव्या गोळीचा भरवसा

परवा एका स्नेह्यांकडे गेलो होतो. चहा झाला आणि वहिनींनी फडताळातून एक डबा काढून समोर ठेवला. आत गर्द हिरव्या गोळ्या, वर ठळक अक्षरांत ‘पेशींना नवसंजीवनी!’ वहिनी पक्क्या शाकाहारी. पायांना मुंग्या येतात म्हणून रक्त तपासले, तर बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी निघाले. डॉक्टरांनी इंजेक्शने सांगितली होती. ‘‘पण सुई कशाला टोचून घ्यायची भाऊजी? हे नैसर्गिक आहे आणि यात बी-१२ सुद्धा आहे,’’ वहिनी म्हणाल्या.

गोळ्या होत्या स्पिरुलिनाच्या. या नीलहरित शेवाळाला नावे ठेवण्याचे कारण नाही. मेक्सिकोतील ॲझटेक लोक ते तळ्यातून काढून खात. आफ्रिकेत चाड सरोवराच्या परिसरातील बायका आजही ते गाळून, वाळवून त्याच्या वड्या करतात. वाळवलेल्या शेवाळात निम्म्याहून अधिक प्रथिने असतात. पेशींना इजा करणाऱ्या ‘मुक्त मूलकां’ना त्यातले निळे रंगद्रव्य प्रयोगशाळेत आवर घालते, हेही खरे.

पण बी-१२ची गोष्ट निराळी. नवी पेशी घडताना आणि मज्जातंतूंचे आवरण शाबूत राखण्यासाठी ते लागते. स्पिरुलिनात आढळते ते बहुतांशी त्याचे तोतया रूप. दिसायला तसेच, पण माणसाच्या शरीराला निरुपयोगी. जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये अशा गोळ्या तपासून हे दाखवून दिले. म्हणजे डबा रिकामा होईल, पण मुंग्या थांबणार नाहीत. आणि मज्जातंतूंची हानी फार काळ दुर्लक्षित राहिली, तर ती पुरती भरून येत नाही.

‘नैसर्गिक आहे, मग अपाय तरी काय?’ हा प्रश्न म्हणूनच फसवा आहे. गाजराला रंग देणारे बीटा-कॅरोटिन ड्युनालिएला नावाच्या, खाऱ्या पाण्यातल्या शेवाळातही भरपूर असते. तेही मुक्त मूलकांना आवरते. मग कर्करोग टाळायला त्याच्या गोळ्या का देऊ नयेत? फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला आणि सारेच चक्रावले. बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त! त्या गोळ्यांतले द्रव्य शेवाळातले नव्हते, कृत्रिम होते. तरीही धडा तोच. परीक्षानळीत पेशीला तारणारे द्रव्य माणसालाही तारेलच, असे नाही.

मग शेवाळावरचे संशोधन फुकट का? मुळीच नाही. १९८७ मध्ये हिंदी महासागरातील ‘सागरी ससा’ या गोगलगायीसारख्या प्राण्यातून डोलास्टॅटिन-१० हे द्रव्य मिळाल्याचे जाहीर झाले. ते मुळात त्याच्या खाण्यातल्या नीलहरित शेवाळाचे, हे पुढे कळले. हे द्रव्य पेशींना संजीवनी देत नाही, पेशीचे विभाजन रोखून तिला मारते. औषध म्हणून ते स्वतः टिकले नाही. तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याच्या धर्तीवर नवा रेणू घडवला आणि कर्कपेशी हुडकणाऱ्या प्रतिपिंडाला जोडला. हॉजकिन लिम्फोमा या कर्करोगावरील त्या औषधाला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. शेवाळापासून रुग्णापर्यंतची ही वाट चोवीस वर्षांची. डब्यावरची जाहिरात तीच वाट एका ओळीत संपवते.

माझे म्हणणे इतकेच : पेशींचे नाव घेऊन काही विकायचे असेल, तर ते माणसांवर तपासले आहे का आणि निष्पन्न काय झाले, हेही तितक्याच ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती असावी. तोवर डबा हातात घेऊन हा प्रश्न आपणच विचारायला हवा.

वहिनींना म्हणालो, ‘‘गोळ्या आवडत असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या. पण इंजेक्शन चुकवू नका.’’ त्यांनी डबा फडताळात ठेवला आणि डॉक्टरांची चिठ्ठी शोधायला घेतली.