चित्र त्यांचे, वर्णन कोणाचे?

मोखाडा आणि जव्हार या दोन्ही तालुक्यांत २०११ च्या जनगणनेनुसार नव्वद टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी आहेत. तेथे आता महाविद्यालये आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी घरांतील मुलेमुली मुंबई विद्यापीठाच्या पदव्या घेऊ लागली आहेत. या प्रगतीचे मोल कमी नाही. परंतु पदवीच्या वाटेवर इंग्रजीचा उंबरठा आहे आणि तो सर्वांना सारख्या उंचीचा नाही. घरची बोली एक, शाळेची प्रमाण मराठी दुसरी; त्यामुळे पुण्यामुंबईच्या मुलाला जी दुसरी भाषा, ती मोखाड्याच्या मुलाला तिसरी ठरते.

ठरावीक उत्तरे पाठ करून परीक्षा पार करता येते. पण विद्यापीठीय इंग्रजी म्हणजे पाठ केलेली वाक्ये नव्हेत. विधान करणे, त्याला आधार देणे, तुलना करणे, शंका नेमकी मांडणे आणि निष्कर्षाची मर्यादा सांगणे, हे त्या भाषेचे खरे काम आहे. येथे विद्यार्थी अडखळतो, तो बुद्धी कमी म्हणून नव्हे. जे त्याने कधी पाहिले नाही त्याविषयी, जी भाषा त्याची नाही त्या भाषेत, ‘स्वतःचे’ मत मांडावे अशी आपली अपेक्षा असते. या दुहेरी ओझ्यापैकी निदान एक उतरवणे शिक्षकाच्या हाती आहे. भाषा परकी असेल, तर विषय तरी ओळखीचा असावा.

चित्रकला येथे उपयोगी पडते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचे शिक्षणविभागप्रमुख असलेले फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाउझेन यांनी चित्रवाचनाची एक साधी पद्धत विकसित केली. चित्रापुढे बसलेल्यांना तीनच प्रश्न विचारायचे: या चित्रात काय चालले आहे? असे तुम्ही कशावरून म्हणता? आणखी काय दिसते? यातला दुसरा प्रश्न म्हणजे सगळ्या विद्वत्तेचा पाया आहे. विधानाला पुरावा मागण्याची ही सवय व्याकरणाच्या पुस्तकातून लागत नाही.

मोखाड्यात त्यासाठी परदेशी चित्रे मागवण्याची गरज नाही. वारली लग्नघरात सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मध्यभागी पालघाट देवी असते, शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव असतो आणि धवलेरी गाण्यांतून विधी चालवते. देवी मध्यभागी का? चौकटीत कोण आणि चौकटीबाहेर कोण? भिंतीवरचा विधीचा चौक आणि कागदावर विक्रीसाठी काढलेले तारपानृत्य यांत काय बदलते? याची उत्तरे इंग्रजीत लिहिताना ‘आहे’, ‘दिसते’ आणि ‘असावे’ यांतला भेद विद्यार्थ्याला आपसूक शोधावा लागतो. वारली नसलेल्या मुलांसाठी बोहाड्याचे मुखवटे आहेतच. या वर्गात माहितीचा अधिकारी विद्यार्थी असतो आणि शिक्षक केवळ भाषेचा. ही अदलाबदल लहान नाही.

यात आणखी एक प्रश्न गुंतला आहे. भास्कर कुलकर्णी यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी ही कला बाहेरच्या जगासमोर आणली. डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. यशोधरा दालमिया यांचा इंग्रजी ग्रंथ १९८८ मध्ये निघाला आणि २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक लाभला. या अभ्यासकांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तरीही चित्र एकाचे आणि त्यावरचे इंग्रजी लेखन मुख्यतः दुसऱ्याचे, ही विभागणी कायमची मानता येणार नाही. १९४५ च्या वारली उठावापूर्वी सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे हे न कळताच अंगठा उठवला जाई. आज प्रदर्शनाची पुस्तिका, निर्यातीचा करार आणि संशोधनाचा निबंध बहुधा इंग्रजीत असतो. तो वाचता येणे आणि त्याला उत्तर देता येणे, हा अंगठ्याविरुद्धच्या त्याच लढ्याचा पुढचा टप्पा आहे.

आदिवासी मुलाला पुन्हा आदिवासी चित्रातच कोंडायचे काय, असा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. चौक हा आरंभ आहे, शेवट नव्हे. चित्र वाचायला शिकलेला विद्यार्थी अर्थशास्त्रातील मागणीची वक्ररेषा किंवा पर्जन्यमानाचा आलेखही त्याच तीन प्रश्नांनी वाचू शकतो, आणि ते त्याने वाचलेच पाहिजेत. दुसरे पथ्य असे की चौक हा विधी आहे. वर्गाच्या भिंतीची सजावट म्हणून तो वापरण्यापूर्वी तो लिहिणाऱ्या स्त्रियांना विचारले पाहिजे. तिसरे म्हणजे, चित्रे रिक्त अध्यापकपदे भरत नाहीत आणि वसतिगृहाचे छप्परही शाकारत नाहीत. स्वस्त उपाय सापडला म्हणून शासनाने आपली जबाबदारी टाळू नये.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९५७ पासून कोसबाडला दाखवून दिले की, आदिवासी मुलाच्या भोवतीचे जग हेच त्याचे पहिले पाठ्यपुस्तक होऊ शकते. हा विचार आपण बालवाडीच्या दारातच का थांबवला? विद्यापीठाने इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत एक न पाहिलेले चित्र द्यावे, त्यावर सकारण परिच्छेद मागावा आणि त्याला पाठांतरापेक्षा अधिक गुण ठेवावेत. ग्रामीण महाविद्यालयांतील अध्यापकांना अशा अध्यापनासाठी वेळ आणि प्रशिक्षण द्यावे. खर्च थोडा आहे. मोखाड्याच्या विद्यार्थ्याला सांगण्यासारखे काही आहे, हे मान्य करण्याची तयारी मात्र आधी हवी.