खोली नव्हे, माणूस ऊबदार हवा

कसबा पेठेतील जुन्या वाड्यांत एकेका खोलीत राहून कष्टकरी कुटुंबे व विद्यार्थी पुण्याचा हिवाळा काढतात. १९३५ च्या जानेवारीत या शहराचा पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. अशा रात्री दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटविण्याचा मोह होतो. तो टाळावा, असे आम्ही कळकळीने सांगतो. बंद खोलीत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. झोपलेल्यास जागही येत नाही.

हजार वॅटचा हीटर आठ तास चालला तर आठ युनिट वीज जाते. रबरी पिशवीपुरते दोन लिटर पाणी साठ अंशांपर्यंत तापविण्यास युनिटचा सुमारे दहावा भाग पुरतो. ती पिशवी फडक्यात गुंडाळून पांघरुणात ठेवली की अंथरूण ऊबदार होते.

हा विचार आपल्या परंपरेस नवा नाही. वैशाली येथे हिवाळ्याच्या रात्री तथागत एक चीवर पांघरून उघड्यावर बसले. थंडी वाजू लागली तसे त्यांनी दुसरे, मग तिसरे, पहाटे चौथे घेतले आणि त्यावरून भिक्षूंसाठी दुहेरी संघाटीसह तीन चीवरांचा नियम घालून दिला, असे महावग्गात सांगितले आहे.

आधी थंडी स्वतः सोसली, मग नियम केला. हा क्रम आम्हांस महत्त्वाचा वाटतो. ज्याच्यापाशी एकच विरलेली चादर आहे, त्यास काटकसरीचा उपदेश करण्याचा अधिकार आपणांस नाही. त्यास दुसरे पांघरूण देणे, हाच आपला धम्म. माजी विद्यार्थ्यांनी या हिवाळ्यात आपल्या आळीतील अशा एका तरी खोलीचे दार ठोठवावे.