चमकत्या स्प्रिंगचा मोह

भंडारा म्हणजे पितळेच्या भांड्यांचे गाव. चकाकीचे वेड आमच्या रक्तातच आहे म्हणा ना! भांड्याला कल्हई केली की ते नव्यासारखे दिसते आणि आत ठेवलेले ताक कळकत नाही. त्यामुळे वरून धातूचा मुलामा दिला की वस्तू टिकते, ही समजूत घरोघरी पक्की आहे.

हल्ली तरुण मंडळींना जुन्या बुलेट, राजदूत शोधून नव्या करण्याची हौस आहे. हौस चांगलीच. पण हँडल आणि सायलेन्सरबरोबर मागच्या शॉकॲब्सॉर्बरच्या स्प्रिंगाही क्रोम करायला टाकतात, ते मला मुळीच पटत नाही.

मडगार्डचा पत्रा मऊ असतो. स्प्रिंगचे पोलाद मात्र तापवून, तेलात विझवून, पुन्हा बेताने तापवून कडक केलेले असते. लोहार विळ्याला पाणी देतो ना, तीच जात. क्रोम चढवण्याआधी गंज काढायला स्प्रिंग आम्लात बुडवतात, मग हौदात सोडून वीज देतात. दोन्ही वेळा हायड्रोजन तयार होतो. त्याचा अणू इतका लहान की थेट पोलादात शिरतो. मऊ पत्र्याचे त्याने फारसे बिघडत नाही, कडक पोलाद मात्र ठिसूळ होते. आणि ते लगेच मोडत नाही हो! गाडी घरी येते, चमकते, फोटो निघतात... आणि काही दिवसांनी, नेहमीच्याच ओझ्याखाली, स्प्रिंग काडकन तुटते. वरून पाहून काही कळत नाही. मागे कोणी बसलेले असले तर?

हे काही नवे ज्ञान नाही. 1875 साली विल्यम जॉन्सन यांनी आम्लात बुडवलेली लोखंडी तार मोडून पाहिली, तर मोडलेल्या ठिकाणी ओलाव्यात बुडबुडे येत होते! तरी 2013 मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या बे ब्रिजवर जस्ताचा लेप दिलेल्या 96 जाड पोलादी सळ्यांपैकी 32 सळ्या ताणल्यानंतर थोड्याच दिवसांत तुटल्या. तिथे साचलेल्या पाण्याचाही हात होता, पण मारेकरी हायड्रोजनच.

यावर उपाय आहे. मुलामा दिल्यावर चार तासांच्या आत स्प्रिंग साधारण 200 अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवायची, तीही बरेच तास, म्हणजे हायड्रोजन निघून जातो. पण गल्लीतल्या दुकानात अशी भट्टी कुठली? असली तरी कोण इतके तास थांबतो? शिवाय चकाकीसाठी आधी बफिंग करतात. कारखान्यात छर्‍यांचा मारा करून स्प्रिंगच्या कातडीला जे बळ दिलेले असते, ते त्यात घासून जाते.

ट्रकवाल्यांचे पाटे बघा, काळेच असतात. त्यांना कोणी क्रोम करत नाही. तुम्हीही स्प्रिंग ब्रशने, पॉलिश पेपरने साफ करा (आम्लाने नको), प्रायमर द्या आणि चांगला रंग मारा. पावडर कोटिंगही चालेल, फक्त आधी आम्लात बुडवू नका असे बजावून सांगा.

आधीच बाहेर क्रोम करून घेतली असेल तर? तिचा क्रोम काढायला पुन्हा बहुधा आम्लाचाच हौद वापरतात, तेव्हा त्या भानगडीत पडू नका. नवी जोडी बसवा. जुनी शोकेसमध्ये ठेवा, तिथे खुशाल चमकू द्या.