उतारवयाला तारीख द्या

पवनारहून गेल्या महिन्यात आम्हांस एक पत्र आले. पत्र लिहिणारी व्यक्ती आमच्या जुन्या परिचयाची आहे. वृत्तपत्राच्या व्यवसायात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शिक्षकी केली. त्या काळी शेजारच्या वर्गावर गणित शिकविणारे जे सहकारी होते, त्यांचे हे पत्र. वयाने ते आमच्याहून तीन वर्षांनी वडील. नियमाप्रमाणे अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन ते धाम नदीकाठच्या आपल्या वडिलार्जित घरी परतले. अक्षर तेच होते, फळ्यावर असे तसेच वळणदार. परंतु पहिल्याच ओळीपासून क्रियापदांची रूपे स्त्रीलिंगी होती. व्याकरणाची चूक त्यांच्या हातून कधी झाल्याचे आम्हांस आठवत नाही. ही चूक नव्हती, हे दुसऱ्या परिच्छेदात उमगले. लहानपणापासून आपण स्त्री आहोत असे त्यांस वाटत आले, संसार केला, नोकरी केली, आणि आता उरलेले आयुष्य तरी मनाशी जुळणाऱ्या देहात काढावे, एवढीच त्यांची इच्छा आहे. त्यासाठी तीन वर्षे त्या हेलपाटे घालीत आहेत. “नकार कोणीच देत नाही, आणि तारीखही कोणी देत नाही,” असे त्यांनी लिहिले आहे. त्यांच्या संमतीने, नाव न देता, आम्ही हा विषय आज वाचकांपुढे मांडीत आहो.

ज्यास लोक लिंगबदल म्हणतात व वैद्यकशास्त्र आता लिंगभावाला पुष्टी देणारी शस्त्रक्रिया म्हणते, ती आपल्याकडे नवी राहिलेली नाही. २०१२ मध्ये आसामातील एका एकवीस वर्षांच्या व्यक्तीस यासाठीच मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. सज्ञान व्यक्तीस अशी शस्त्रक्रिया करून घेण्यास कायद्याची आडकाठी नाही, हे तेव्हा स्पष्ट झाले. त्यानंतर बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललित साळवे यांचे प्रकरण महाराष्ट्राने पाहिले. महिला शिपाई म्हणून भरती झालेल्या साळवे यांनी २०१७ मध्ये शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. खात्याने ती नाकारली, प्रकरण न्यायासनापर्यंत गेले, अखेर शासनाने अनुमती दिली, आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा पार पडला. साळवे यांच्या तपासणीत पुरुषाचे गुणसूत्र आढळले होते, हे त्या प्रकरणाचे वेगळेपण होय. तथापि ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही की शासकीय रुग्णालयातील शल्यविशारदांनी ते काम केले आणि साळवे आपल्या नोकरीवर परतले. शासनाच्या मनात आले तर हे होऊ शकते, एवढे त्यावरून सिद्ध झाले.

परंतु साळवे त्या वेळी तिशीच्या आत होते. आमच्या सहकारी बाई साठीच्या उंबरठ्यावर आहेत. तरुणाचे वर्ष गेले तर वर्ष जाते. एकोणसाठाव्या वर्षी वर्ष गेले की त्यासोबत रक्तदाब येतो, साखर येते, हृदयाची चाचणी बिघडते, आणि जी शस्त्रक्रिया काल सुरक्षित होती ती आज जोखमीची ठरते. रांग सर्वांस सारखीच दिसते. तिची किंमत मात्र प्रत्येकास निराळी पडते.

अटी मुळीच असू नयेत, असे आम्ही म्हणणार नाही. शस्त्रक्रिया माघारी फिरविता येत नाही. जो निर्णय परत घेता येत नाही तो घेण्यापूर्वी माणसाने विचार करावा, आणि वैद्याने त्यास तो करू द्यावा, हे उचितच आहे. या क्षेत्रातील तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जे मानदंड घालून दिले आहेत, त्यांतही अटी आहेत. २०११ मध्ये निघालेल्या सातव्या आवृत्तीने जननेंद्रियांच्या शस्त्रक्रियेसाठी दोन तज्ज्ञांची पत्रे आणि बारा महिने इच्छित लिंगभावानुसार राहिल्याचा अनुभव मागितला होता. २०२२ च्या आठव्या आवृत्तीने एका तज्ज्ञाचे पत्र पुरेसे मानले व संप्रेरकांच्या उपचाराचा अवधीही सहा महिन्यांवर आणला. वयाची वरची मर्यादा या मानदंडांत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आपल्या नव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले, ही अवस्था मनोविकारांच्या प्रकरणातून काढून टाकली आहे. ज्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली त्यांच्यांत पश्चात्ताप करणारे थोडेच असतात, असे आजवरच्या बहुतेक पाहण्यांतून दिसून आले आहे.

आता या अटी पवनारच्या गल्लीत आणून पाहू. बारा महिने स्त्री म्हणून राहून दाखवा, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले आणि अजूनही काही ठिकाणी सांगितले जाते. पुण्यामुंबईतील तरुणास दूरच्या उपनगरात एक खोली भाड्याने घेता येते; तेथे त्यास कोणी ओळखत नाही. ज्या गावातील निम्म्या प्रपंची माणसांना आपण पाढे शिकविले, त्या गावात निवृत्त गुरुजीने लुगडे नेसून वाण्याच्या दुकानी जावे, म्हणजे काय, याची कल्पना अट घालणाऱ्यास असते काय? तरीही बाईंनी ते केले. पहिले चार महिने कोणी बोलले नाही, असे त्या लिहितात. पाचव्या महिन्यात शेजारणीने हळदीकुंकवास बोलाविले. गाव शिकले. कार्यालये अद्याप शिकावयाची आहेत.

त्यांची तीन वर्षे कोठे गेली, ते पाहण्यासारखे आहे. जिल्ह्याबाहेरील एका मोठ्या रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञाने दाखला दिला. दुसऱ्याने द्यावयास पाच महिने लावले. तोवर शल्यविशारदांची बदली झाली. नव्यांनी नवा दाखला मागितला. तो आला तेव्हा रक्तातील साखर वाढलेली आढळली. ती आटोक्यात आणीपर्यंत भूल देण्यापूर्वीच्या चाचण्या जुन्या झाल्या. एक कागद ताजा होईपर्यंत दुसरा शिळा होतो, असा हा खेळ आहे. यात कोणी दुष्ट नाही. प्रत्येकाने आपापल्या टेबलावरचे काम नियमानुसारच केले. परंतु सर्व टेबलांची मिळून जी तीन वर्षे झाली, त्यांचा हिशेब ठेवणारा त्या इमारतीत कोणीच नव्हता.

आणि शेवटी मुलाची सही मागितली गेली. बाईंच्या पत्नी चार वर्षांपूर्वी वारल्या. मुलगा पुण्यास नोकरीला आहे. तो रागावलेला नाही, फोन नियमाने करतो, पण सही करण्यास धजत नाही. आईवेगळ्या झालेल्या मुलास आता बापही गमावल्यासारखे वाटावे, हे आम्ही समजू शकतो. त्याचे दुःख खोटे नाही, आणि त्यास वेळ मिळाला पाहिजे. पण शुद्धीवर असलेल्या, सज्ञान, बुद्धी शाबूत असलेल्या माणसाच्या देहावर सहीचा अधिकार त्याच्या मुलास कोणत्या कायद्याने दिला? १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर दिलेले आहे. रुग्ण स्वतः संमती देण्यास समर्थ असता तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढणे न्यायालयाने अवैध ठरविले. आईची सही जेथे चालली नाही तेथे मुलाची सही आवश्यक कशी ठरते? शस्त्रक्रियेनंतर शुश्रूषा कोण करणार, महिनोन्महिने जी निगा राखावी लागते तीत हाताशी कोण असेल, हे अवश्य विचारावे. ते रुग्णाच्या हिताचे आहे. शुश्रूषा करणारा आणि परवानगी देणारा हे मात्र दोन वेगळे.

वैद्यकाच्या नावाखाली संसाराच्या अटी घालण्याची खोड आपलीच आहे असे नव्हे. १९५३ मध्ये एव्हरेस्ट सर झाल्याची वार्ता लंडनच्या ‘टाइम्स’ला पाठविणाऱ्या वार्ताहर, पुढे जॅन मॉरिस म्हणून प्रसिद्ध झालेल्या लेखिका, १९७२ मध्ये या शस्त्रक्रियेसाठी मोरोक्कोतील कॅसाब्लांका येथे गेल्या. त्या वेळी त्यांनी पंचेचाळिशी ओलांडली होती. मायदेशी शस्त्रक्रिया हवी असेल तर आधी पत्नीशी घटस्फोट घ्या, असे त्यांस सांगण्यात आले होते आणि ते त्यांनी मानले नाही. घटस्फोटाने शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित कशी होते, हे कोणी सांगू शकले नसते. त्याच ब्रिटनमध्ये आज रुग्णावर अठरा आठवड्यांत तज्ज्ञाचे उपचार सुरू व्हावेत असे वचन असताना या दवाखान्यांच्या पहिल्या भेटीसाठी लोक वर्षानुवर्षे थांबतात. फरक इतकाच की तेथे रांग कागदावर आहे. म्हणून तिच्या लांबीबद्दल ओरड तरी करता येते. आपल्याकडे रांग आहे हेच कागदावर नाही.

या वयात हे कशाला, असे विचारणारे पुष्कळ भेटतील. त्यांस आम्ही नम्रपणे विचारतो, साठीत मोतीबिंदू काढतो, गुडघे बदलून घेतो, तेव्हा ‘आता किती दिवस राहिले’ असे आपण म्हणतो काय? उरलेले दिवस थोडे आहेत म्हणूनच ते नीट जावे, असे म्हणतो. बाळंतिणींना खाटा नाहीत तेथे हे लाड कशाला, हा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पण एका रुग्णाची उपेक्षा केल्याने दुसऱ्यास खाट मिळाल्याचे आमच्या पाहण्यात नाही. शिवाय पैशाची तरतूद कागदावर झालेली आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राचे सामाजिक न्याय खाते व राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण यांच्यांत करार होऊन, तृतीयपंथी व पारलिंगी व्यक्तींसाठी वर्षाकाठी ५ लाख रुपयांच्या विमासंरक्षणाची योजना जाहीर झाली आणि तीत ही शस्त्रक्रिया धरली गेली.

कायद्याची कथा तर चमत्कारिकच आहे. १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लिंगओळख मान्य करण्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे अनैतिक व बेकायदेशीर होय. २०१९ मध्ये संसदेने कायदा केला, त्यात पारलिंगी म्हणून दाखला जिल्हाधिकाऱ्यांनी द्यावयाचा ठरला, पण स्त्री वा पुरुष अशी नोंद हवी असल्यास शस्त्रक्रियेचे वैद्यकीय प्रमाणपत्र मागितले गेले. याच कायद्याने शासनांवर या उपचारांची सोय करण्याची जबाबदारीही टाकली. म्हणजे ज्यास शस्त्रक्रिया नको त्यास तिच्याकडे ढकलावयाचे, आणि ज्यास हवी त्यास दारात ताटकळत ठेवावयाचे.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. रुग्ण पहिल्यांदा येईल त्याच दिवशी सर्व अटी लेखी, मराठीत, एका कागदावर त्याच्या हाती द्याव्यात. दर भेटीस नवी अट निघू नये. मनाची तपासणी व देहाची तपासणी एकामागून एक न करता बरोबरच सुरू करावी. उतारवयात साखर, रक्तदाब, हृदय, हाडे यांकडे आधीपासून लक्ष पुरविले, तंबाखू सोडविली, रक्तात गुठळी होण्याची भीती असेल तेथे स्त्रीसंप्रेरके गोळीऐवजी त्वचेवाटे दिली, तर प्रतीक्षेचा काळ वाया न जाता तयारीचा काळ होईल. एका तज्ज्ञाची बदली झाली म्हणून पहिले दाखले रद्द होऊ नयेत. नावे गुप्त ठेवून रांगेची लांबी दर तिमाहीस प्रसिद्ध करावी. आणि जेथे शस्त्रक्रिया खरोखरच धोक्याची असेल तेथे वैद्यांनी तसे स्पष्ट सांगावे, लहान व कमी जोखमीची शस्त्रक्रिया शक्य असल्यास तीही सांगावी. प्रामाणिक नकार माणूस पचवू शकतो. तीन वर्षांचे ‘पुढच्या महिन्यात या’ पचत नाही.

हे वर्धा जिल्ह्यातून सुरू व्हावे, असे आम्हांस वाटते. गांधीशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, खेड्यातील माणसासाठी वैद्यकीय महाविद्यालय काढण्याचे धाडस डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला केले. सावंगीला दुसरे महाविद्यालय आहे. मानसोपचार, संप्रेरके, भूलशास्त्र, शल्यकर्म या सर्वांचे जाणकार एका जिल्ह्यात असताना निदान तपासणी व तयारीचा भाग येथेच, एका छताखाली व्हावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. आणि पवनारला तर याहून जुना वारसा आहे. ब्रह्मविद्या ही पुरुषांची मिरास मानली जात असताना विनोबांनी १९५९ मध्ये येथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर उभारले. आत्मा स्त्रीही नाही व पुरुषही नाही, असे उपनिषदे सांगत आली. ते ज्या गावाने मुकाट्याने आचरून पाहिले, त्या गावच्या एका रहिवाशाने देहाची दुरुस्ती मागितली तर तीवर आपण भुवया उंचावू नयेत.

निवृत्तिवेतन घेणाऱ्यांस दर नोव्हेंबरात आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. बाईंनी गेल्या वर्षीही तो जुन्याच नावाने दिला. खिडकीवरच्या तरुणाने कागदाकडे पाहिले, त्यांच्या लुगड्याकडे पाहिले आणि काही न बोलता शिक्का मारला. “जो हयात असल्याचे मी लिहून दिले तो कोण, हे त्याने विचारले नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे,” असे पत्रात शेवटी लिहिले आहे. शाळेत आम्ही त्यांस गुरुजी म्हणत होतो. उत्तर पाठविताना आम्ही ‘बाई’ असे लिहिले. एवढे आमच्या हाती होते. पुढच्या नोव्हेंबरापूर्वी त्यांस तारीख देणे ज्यांच्या हाती आहे, त्यांनी ती द्यावी.