पुरोहितावांचून धर्म बुडतो काय ?



गेल्या पावसाळ्यांत आमच्या शेजारच्या गांवीं एका कुंभाराच्या घरीं म्हातारी वारली. पावसानें भट्टी बंद, घरांत दाणा नाहीं, आणि दहाव्याच्या विधीसाठीं भिक्षुकाची यादी आली ती हातभर लांब. म्हातारीचा मुलगा आमचा जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "मास्तर, आईनें जन्मभर माती मळली. तिला पोंचवायला मी कर्ज कां काढूं ? नात्यागोत्याचीं माणसें बसूं, तिचें नांव घेऊं, झालें."

हें ऐकून पारावरचे एक विद्वान गृहस्थ खवळले. म्हणाले, "भिक्षुकाला काढा, म्हणजे दोन पिढ्यांत तुमचा धर्म बुडाला म्हणून समजा. कष्टकऱ्याचा धर्म पोटाचा. ते ख्रिस्ती झालेले पाहा ना ! पाद्र्याजवळ दाणे आहेत तोंवर ख्रिस्ती. पाद्री गेला कीं धर्मही गेला !"

एका वाक्यांत या गृहस्थांनीं दोन घरांना शिव्या दिल्या. आम्ही ख्रिस्ती नव्हे, आणि कोणीं ख्रिस्ती व्हावें असेंही आमचें सांगणें नाहीं. परंतु खोटें तें खोटें. पाद्री गेल्यावर ख्रिस्ती कष्टकऱ्यानें काय केलें याचा दाखला जगाच्या इतिहासांत मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे, आणि त्याची सुरुवात आपल्या वसईच्या माणसापासून करतां येते.

वसईस सोळाव्या शतकांत गोन्सालो गार्सिया नांवाचा एक मुलगा जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इकडचीच असें सांगतात. तो जपानांत गेला, तेथें व्यापार केला, तेथली भाषा शिकला, आणि पुढें फ्रान्सिस्कन पंथाचा साधा बंधु झाला. दीक्षा घेतलेला पाद्री नव्हे, हें ध्यानांत ठेवा. त्याच्या आधीं, १५४९ सालीं, फ्रान्सिस झेवियर जपानास पोंचला होता. त्याचें शव आज गोव्यांत आहे. हजारों जपानी लोक ख्रिस्ती झाले. मग तेथल्या सत्ताधीशाची मर्जी फिरली. १५९७ सालीं, फेब्रुवारीच्या ५ तारखेस, नागासाकी येथें सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनीं मारलें. त्यांत आपला वसईकर होता. बाकीच्यांत सुतार होता, तलवारी घांसणारा होता, आणि बारा वर्षांचें पोरही होतें. दाणे खायला गेलेलीं माणसें क्रुसावर चढतात काय, तें पारावरच्या विद्वानांनीं सांगावें.

१६१४ सालीं साऱ्या जपानांत ख्रिस्ती धर्मास बंदी झाली. पाद्री हांकलले, लपले त्यांना शोधून मारलें. १६४४ नंतर त्या देशांत एकही पाद्री उरला नाहीं. मग राज्यकर्त्यांनीं केलें काय ? प्रत्येक घरानें जवळच्या बौद्ध मठांत नांव नोंदवावें, आणि हें घर ख्रिस्ती नाहीं असा दाखला मठाच्या पुरोहितानें द्यावा. जन्म झाला, पुरोहित. लग्न झालें, पुरोहित. मयत झालें, पुरोहित. दाखला नसेल तर मनुष्य गुन्हेगार. पांच-पांच घरांचे गट बांधले. एका घरांत ख्रिस्ती सांपडला तर पांचही घरांना जाब. चहाडी करणाऱ्यास चांदीचीं नाणीं. आणि नागासाकीकडे दरसाल बायकापोरांसकट सर्वांनीं येशूच्या किंवा मरियेच्या मूर्तीवर पाय द्यावा, असा हुकूम.

बुद्धाच्या नांवानें हा धंदा चालला म्हणून बुद्धाला दोष नाहीं. सरकार आणि पुरोहित यांची भागी झाली कीं कोणत्याही देवाचें नांव कामास येतें.

बरें, तेव्हांच्या शेतकऱ्याची स्थिति तरी कशी ? शिमाबारा प्रांतांत सारा इतका चढला होता कीं तो न देणाऱ्याच्या अंगावर गवताचें इरलें बांधून तें पेटवून देत, असें तेव्हांच्या एका डच व्यापाऱ्यानें लिहून ठेवलें आहे. १६३७ सालीं तेथले शेतकरी उठले. भुकेला आणि धर्माला एकच झेंडा झाला. दुसऱ्या वर्षीं हारा नांवाच्या किल्ल्यांत ते बायकापोरांसह कापले गेले. मेलेल्यांची संख्या तीस हजारांवर जाते.

आतां त्या विद्वानाच्या हिशेबानें येथें धर्म संपला. पाद्री नाहीं, दाणे नाहींत, देऊळ नाहीं, पोथी नाहीं. उलट जीव जाण्याची धास्ती. दोन पिढ्या कशाला, दोन वर्षेंही पुरे होतीं.

पण तो संपला नाहीं. दोन नव्हे, सात पिढ्या टिकला ! आणि टिकवला कोणीं ? उराकामीच्या शेतकऱ्यांनीं, गोतो बेटांवरच्या कोळ्यांनीं. त्यांनीं आपसांत कामें वांटून घेतलीं. एकानें सणवारांचें पंचांग सांभाळायचें. एकानें जन्मलेल्या लेंकराच्या डोक्यावर पाणी घालून नांव ठेवायचें. एकानें घरोघर निरोप पोंचवायचा. हे कोणी पगारी नव्हते; दिवसां नांगर धरीत, जाळें ओढीत, आणि रात्रीं हें काम करीत. प्रार्थना लॅटिन भाषेंतल्या, त्या बापानें मुलाला तोंडानें शिकवल्या. उच्चार झिजले, अर्थ कोठें कोठें हरवला, पण ओठ थांबले नाहींत. घरांत बौद्ध देवता कान्नोनची पोर घेतलेली मूर्ति असे. घरचीं माणसें तिच्यांत मरियेला पाहात.

कोणी म्हणेल, ते दरसाल मूर्तीवर पाय देत होतेच ना ? मग निष्ठा कसली ? अहो, ज्यांनीं पाय दिला नाहीं ते मेले, आणि त्यांना आमचा दंडवत आहे. पण ज्यांनीं पोरांकडे पाहून पाय दिला, ते घरीं येऊन दार लावून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. त्यांचा पाय पडला, मन पडलें नाहीं. मऊ गादीवर बसून त्यांना ढोंगी म्हणणें सोपें आहे. सावकाराच्या दारांत ज्यानें मान वांकवली आहे, त्याला वांकलेली मान आणि विकलेली मान यांतला फरक कळतो.

१८६५ सालीं, मार्च महिन्याच्या १७ तारखेस, परदेशी लोकांसाठीं नागासाकीस नुकत्याच बांधलेल्या देवळाच्या दारीं उराकामीचीं दहापंधरा माणसें भीत भीत आलीं. एका बाईनें फ्रेंच पाद्री पेतिजां याच्या कानांत हळूच सांगितलें कीं आमचें मन तुमच्यासारखेंच आहे, आणि मरियेची मूर्ति कोठें आहे म्हणून विचारलें. अडीचशें वर्षांनंतर !

तेव्हां विद्वान म्हणतील, शेवटीं पाद्री शोधायला गेलेच कीं नाहीं ? गेले, पण कसे गेले तें पाहा. आधीं त्यांनीं पाद्र्याची परीक्षा घेतली. तुमचा मोठा धर्मगुरु रोमचाच काय ? तुम्हांला बायकामुलें आहेत काय ? वाडवडिलांनीं सांगितलेल्या खुणा पटल्या तेव्हां त्याला आपला म्हटलें. आणि ज्यांना तें पटलें नाहीं, त्यांनीं वाडवडिलांचीच रीत पुढें चालवली. पुरोहितानें यजमानाला पारखावें ही आपल्याकडची चाल. तेथें यजमानानें पुरोहिताला पारखलें.

पुढची गोष्ट तर कुंभाराच्या पोरानें कानांत सांठवून ठेवावी अशी आहे. १८६७ सालीं उराकामीच्या लोकांनीं आपलीं मयतें मठाच्या पुरोहितावांचून पुरलीं, आणि आम्हांला तुमचा पुरोहित नको म्हणून गांवच्या मुख्याला सांगितलें. एवढाच अपराध ! रात्रीं धाड आली, पुढाऱ्यांना बांधून नेलें. १८६८ पासून साऱ्या गांवाला, सुमारें ३४०० माणसांना, देशभर ठिकठिकाणीं हद्दपार केलें. त्सुवानो येथें कांहींना ताठ उभेंही राहतां येत नाहीं अशा पिंजऱ्यांत कोंडलें, बर्फाच्या तळ्यांत बुडवलें. सहाशेंहून अधिक माणसें मेलीं. १८७३ सालीं, परदेशांत बोभाटा झाल्यावर, बंदीचे फलक उतरले आणि उरलेले घरीं आले. त्याच १८७३ सालीं, सप्टेंबरच्या २४ तारखेस, पुण्यांत जोतीराव फुल्यांनीं सत्यशोधक समाज काढला. देव आणि माणूस यांच्यामध्यें दलाल नको, म्हणून. या दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. पण घांव सारखा, म्हणून औषधही सारखें.

घरीं आले तेव्हां तेथें होतें काय ? मोडकीं घरें आणि १८७४ सालची हगवणीची सांथ. इवानागा माकी नांवाची हद्दपारींतून परतलेली एक शेतकऱ्याची मुलगी आजाऱ्यांच्या सेवेस लागली, आणि पोरक्या मुलांना तिनें जवळ घेतलें. पुढें ज्या मुख्याच्या वाड्यांत त्यांना मूर्तीवर पाय द्यावा लागे, तीच जागा या लोकांनीं विकत घेतली आणि तेथें विटांचें मोठें देऊळ बांधलें. १८९५ सालीं काम लागलें, १९१४ सालीं पुरें झालें. एकोणीस वर्षें ! १९४५ सालीं, ऑगस्टच्या ९ तारखेस, त्या देवळापासून अवघ्या कांहींशें यार्डांवर अणुबाँब फुटला. तेथल्या सुमारें १२,००० ख्रिस्ती लोकांपैकीं ८,५०० मेले. उरलेल्यांनीं ढिगाऱ्यांतून एक घंटा उकरून काढली आणि त्याच नाताळांत ती वाजवली. १९५९ सालीं देऊळ पुन्हां उभें राहिलें.

एक गोष्ट मात्र आम्ही लपवणार नाहीं. सोळाव्या शतकांत जपानच्या कांहीं ख्रिस्ती सरदारांनीं रयतेला हुकुमानें ख्रिस्ती केलें, बौद्ध देवळें मोडलीं. गोव्यांत १५६० पासून १८१२ पर्यंत, मधलीं थोडीं वर्षें सोडून, धर्मन्यायालयाच्या नांवाखालीं जुलूम झाला. तो जुलूम करणाऱ्या पाद्र्याला आम्ही भिक्षुकापेक्षां एक कवडीही सूट देत नाहीं. उलट आमचा मुद्दा त्यानेंच सिद्ध होतो. हुकुमाचा धर्म हुकूम बदलला कीं पडतो. ज्याला त्यांतून कांहीं आपलें सांपडलें, त्यानें तें चुलीजवळ नेऊन ठेवलें, आणि तेवढेंच टिकलें.

तेव्हां बंधुभगिनींनो, दोन गोष्टी करा. तुमच्या गांवांत ख्रिस्ती घर असेल तर त्याला दाण्याचा ख्रिस्ती म्हणून हिणवूं नका. दुष्काळांत कोणीं कोणाच्या हातचे दाणे खाल्ले यावरून माणसाचें मन मोजतां येत नाहीं. आणि तुमच्या घरीं जन्म, लग्न, मयत होईल तेव्हां कर्ज काढून मध्यस्थ आणूं नका. आजीला येतात ते अभंग नातवाला शिकवा. आपल्यांतलाच एक जाणता पुढें बसवा. देवाला कुंभाराची भाषा कळते.

त्या पोरानें तसेंच केलें. दहाव्या दिवशीं शेजारीपाजारी अंगणांत बसले, म्हातारीच्या आवडीचे अभंग झाले, आणि गूळपाणी घेऊन लोक घरीं गेले. एक पैशाचें कर्ज झालें नाहीं. धर्म बुडाला काय ? बुडाली ती फक्त दक्षिणा.

— एक खेडवळ मास्तर